बिडाचा खोलगट तवा: नऊ महिने वापरून, आणि त्यातली कोळंबी-कण्या

मार्चमध्ये रत्नागिरीच्या बाजारपेठेतून बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, १० इंची खोलगट तवा घेतला, १९०० रुपयांना. आता नऊ महिने झाले, मधे अख्खा पावसाळा गेला, म्हणजे लिहायला हरकत नाही. आमच्या ग्रुपमधल्या तिघीचौघींनी विचारलं की घ्यावा का, म्हणून सविस्तर लिहितेय.

घ्यायचं कारण घावन-आंबोळी नव्हतं, ते आईंच्या जुन्या तव्यावर मस्त होतातच. कारण होते आमचे भावोजी. भावोजी मर्चंट नेव्हीत आहेत, त्यांचं जहाज एकदा अमेरिकेत चार्ल्स्टनला लागलं होतं आणि तिथे त्यांनी कोळंबी आणि मक्याच्या कण्या खाल्ल्या. तिकडे कण्यांना ग्रिट्स म्हणतात. घरी आल्यावर दोन दिवस तेच सांगत होते, वहिनी, तुम्ही करून बघाच, आपल्याला आवडेल असंच आहे सगळं. आणि सांगताना प्रत्येक वेळी हात असा वाटोळा करून दाखवायचे, की एवढ्या जाड काळ्या लोखंडी तव्यात करतात आणि तसाच तवा टेबलावर आणून ठेवतात.

मग मी वाचायला लागले. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांमधलं, कॅरोलायना, जॉर्जिया, लुईझियाना वगैरे, हे घरगुती जेवण, त्याला ते लोक सदर्न म्हणतात. कोळंबी-कण्या हा तिथल्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांचा सकाळचा नाश्ता होता, पहाटे पकडलेली बारीक कोळंबी आणि खाली मक्याच्या मऊ कण्या, बस. नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपल हिल गावच्या एका हॉटेलाने तो रात्रीच्या जेवणात आणला आणि १९८५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्यावर छापून आलं, तेव्हापासून तो मोठ्या हॉटेलांमधे गेला. कोळ्यांचं खाणं आहे हे कळल्यावर मला ते एकदम आपलंच वाटायला लागलं. पहिल्यांदा केलं तेव्हा आईंनी ताटात बघितलं आणि म्हणाल्या, ही तर मक्याची पेज गो! वर सोडे भाजून घातलेस तरी चालतील. सोडे म्हणजे सुकवलेली कोळंबी. त्यांचं अगदी बरोबर होतं आणि पुढे पावसात तेच केलं, ते खाली लिहिते.

आता तव्याचं. वजन सव्वादोन किलोच्या आसपास. पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा वाटलं हा रोज कोण उचलणार, पण स्वयंपाक करताना तो उचलावा लागतच नाही, तो गॅसवरच राहतो. आतला पृष्ठभाग खरखरीत असतो, नवीन असताना बोट फिरवलं तर बारीक दाणे लागतात, त्याने घाबरू नका. दुकानदाराने सांगितलं कारखान्यातूनच तेल मुरवून येतो, पण मी घरी आणून परत तीनदा जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवून, फडक्याने जवळजवळ पुसून काढून, मोठ्या आचेवर धूर येईपर्यंत तापवला. तेल जास्त लावलंत तर चिकट थर बसतो, तो मग निघता निघत नाही. पहिल्या आठवड्यात फक्त कांदा परतणं आणि घावन एवढंच केलं. महिनाभरात घावन कडेने आपोआप सुटायला लागलं, तेव्हा कळलं की तवा तयार झाला.

खरी परीक्षा कोळंबीची. ही गोष्ट मला कोणी आधी सांगितली असती तर किती वर्षांपूर्वी घेतला असता. नॉनस्टिक पॅनमधे अर्धा किलो कोळंबी टाकली की पॅन लगेच गार होतं, कोळंबीला पाणी सुटतं आणि ती त्या पाण्यात उकडत बसते, रंग येतो पण वास येत नाही, आणि पाणी आटेपर्यंत ती रबर होते. बीड जाड असतं, एकदा नीट तापलं की गारच होत नाही. मी पाच मिनिटं मध्यम आचेवर तापवते, पाण्याचा थेंब टाकला की तो नाचत पळतो तेव्हा बटर आणि जरासं तेल घालून कोळंबी पसरते. एकावर एक नाही, दोन भागांत करते, दोन मिनिटात खालची बाजू तांबूस होते, उलटते, आणखी दीड मिनिट. कोळंबी इंग्रजी सी सारखी वाकली की काढायची. शेपूट डोक्याला टेकून तिचा पूर्ण गोल झाला म्हणजे जास्त शिजली, मग चावावं लागतं. माझ्या धाकटीला हे सांगितलंय, ती तव्याशेजारी उभी राहून सी झाला, सी झाला करत असते.

तर आमचा मंगळवारचा हिशोब असा. ऑफिसमधून घरी पावणेसातला, मुलांचा क्लास सुटतो साडेसातला, आणि आठच्या आत पाच ताटं वाढलेली लागतात. मका मी गिरणीत जाडसर भरडून आणते, मग सुपात पाखडून पीठ वेगळं आणि कण्या वेगळ्या, दोन्ही डब्यात भरून फ्रीजमधे, नाहीतर इथल्या दमट हवेत पोरकिडे होतात. कण्या सकाळी निघतानाच पाण्यात भिजवून ठेवते. संध्याकाळी कुकरच्या भांड्यात १ वाटी कण्यांना ४ वाट्या पाणी, मीठ, चार शिट्ट्या. तिकडे पाऊण-एक तास मंद आचेवर ढवळत बसतात म्हणे, आणि सुट्टीच्या दिवशी मीही तसं केलंय, चव थोडी जास्त गोडसर आणि मऊ लागते हे खरं, पण मंगळवारी कुकरच. उघडल्यावर अर्धी वाटी दूध, बटरचा चांगला मोठा गोळा, एक चीज क्यूब किसून, आणि रवीने नाही, उलथन्याने घोटायचं. थोडं पातळच ठेवा, ताटात पडल्यावर घट्ट होतं.

तोवर इकडे तव्यात कोळंबी झालेली असते. ती काढून त्याच तव्यात लसूण ठेचून, कांदा, ढोबळी मिरची बारीक चिरून, काश्मिरी मिरची पावडर, काळी मिरी, अर्धा टोमॅटो, आणि तळाशी जे कोळंबीचं तांबूस लागलेलं असतं ते अर्धी वाटी पाणी घालून खरवडून सोडवायचं, सगळी चव तिथेच असते. कोळंबी परत घालायची, गॅस बंद, वर लिंबू. तिकडे यात बेकन म्हणजे डुकराचं धुरावलेलं मांस घालतात, आमच्याकडे चालत नाही, आणि पहिल्या वेळी भावोजी म्हणाले सगळं जमलंय पण तो धुराचा वास नाही. त्यावर मी करवंटीचा धुंगार देते. करवंटीचा रुपयाएवढा तुकडा गॅसवर लाल करून स्टीलच्या वाटीत, वाटी तव्याच्या मधोमध, वर अर्धा चमचा तूप, झाकण, तीन मिनिटं. झाकण काढल्यावर जो वास येतो ना, त्या दिवशी भावोजी काही बोललेच नाहीत, नुसतं परत घेतलं.

जूनपासून मासेमारी बंद, मिरकरवाडा बंदरावर ताजं काही नाही. तेव्हा आईंचं ऐकून सोडे घेतले. कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवायचे, पिळून, तव्यात कांद्याबरोबर कुरकुरीत होईपर्यंत. मीठ सांभाळून. मला तर आता ताज्या कोळंबीपेक्षा पावसातली ही सोडे-कण्या जास्त आवडते, बाहेर धो धो पाऊस आणि हातात वाफाळती वाटी.

दुसरी गोष्ट मक्याचा ब्रेड, कॉर्नब्रेड. आमच्याकडे ओव्हन नाही. पण धोंडस, म्हणजे काकडीचा केक, आपण पूर्वी कसं करायचो, पातेल्याखाली निखारे आणि झाकणावर निखारे, तिकडेही पूर्वी बिडाच्या जाड भांड्यात झाकणावर कोळसे ठेवूनच भाजायचे. मी गॅसवरच करते, तव्याला घट्ट बसणारं जड झाकण घेऊन. १ वाटी मक्याचं पीठ, अर्धी वाटी मैदा, अर्धा चमचा सोडा, एक चमचा बेकिंग पावडर, मीठ, एक अंडं आणि साधारण सव्वा वाटी चांगलं आंबट ताक. ताक आंबट नसेल तर सोडा नीट उठत नाही आणि मागे सोड्याची चव राहते. साखर तिकडचे जुने लोक घालत नाहीत, मी मुलांसाठी एक चमचा घालते. तव्यात बटर तडतडेपर्यंत तापवून मग मिश्रण ओतायचं, चर्रर आवाज आला पाहिजे, तो आवाज आला तरच खालची कड सोनेरी आणि कुरकुरीत होते. मग एकदम बारीक गॅस, वीस ते पंचवीस मिनिटं. वरची बाजू फिकीच राहते, ओव्हनची सर येत नाही, हे मान्य करते. शेवटी ताटलीवर पालथा करून दुसऱ्या बाजूने चार मिनिटं भाजते.

आणि चवळी-भात! तिकडे १ जानेवारीला चवळी आणि तांदूळ एकत्र शिजवून खातात, वर्ष चांगलं जावं म्हणून. चवळी आफ्रिकेतून तिकडे गेली, भेंडीही तिकडूनच, गुलाम करून नेलेल्या माणसांनी त्यांची शेती आणि रांधप तिथे नेलं. मला हे वाचून दोन दिवस चैन पडलं नाही. आपल्या घरात चवळीची उसळ सहज होते, तिच्यामागे कुठे कुठे काय झालंय.

आता तक्रारी. पहिला तवा मी ऑनलाइन मागवला होता, दुसऱ्याच एका कंपनीचा. तो आला तेव्हा कडेला केसासारखी चीर. बीड वरून पडलं की वाकत नाही, तडकतं, आणि कंपनीने पातळ पुठ्ठ्यात गुंडाळून पाठवलेला. परत घ्यायला अकरा दिवस लावले, चार फोन केले, प्रत्येक वेळी नवीन माणूस आणि पहिल्यापासून सगळं सांगा. म्हणून म्हणते, दुकानातून घ्या, हातात घेऊन, बोटाने वाजवून. घंटेसारखा स्वच्छ आवाज आला पाहिजे, बद्द आवाज आला तर चीर असू शकते.

आताच्या तव्याची मूठ आखूड आहे आणि तीही तापते, सगळं एकसंध बीड आहे. जाड सुती फडकं कायम मुठीवर ठेवा, ओलं नाही, ओल्या फडक्यातून लगेच चटका बसतो. माझ्या नवऱ्याचा तळहात एकदा चांगलाच भाजलाय.

कोकणातल्या माणसाने सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न म्हणजे कोकम. नाही चालत. कोकम, चिंच, कैरी घालून आमटी किंवा माशाचं तिखलं या तव्यात उकळलंत तर मुरवलेला थर निघतो, रस्सा काळपट होतो आणि लोखंडाची चव येते. टोमॅटो पाच मिनिटं चालतो, लिंबू गॅस बंद केल्यावर. आमटीला आपलं नेहमीचं मातीचं किंवा स्टीलचं भांडं.

आणि गंज. जुलैमधे एका रात्री तवा पाण्याने भरून मोरीत राहिला, सकाळी तळाला केशरी गंज. रडूच आलं. पण बीड वाया जात नाही. जाड मीठ आणि काथ्याने घासून, धुऊन, लगेच गॅसवर कोरडा करून, तेलाचा हात, परत तापवला, दोनदा केलं आणि संध्याकाळी त्यावर घावन सुटलं. पावसाळ्यात रोज धुतला की गॅसवरच पाणी आटवायचं आणि अर्धा चमचा तेल फिरवून वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवायचा, उघडा नाही. भांडी घासायला येणाऱ्या मावशींना पहिल्याच दिवशी हातात देऊन दाखवलं की याला तारेची घासणी नको, त्यांनी आजपर्यंत लावलेली नाही.

कोणी घेऊ नये? मनगट दुखत असेल तर नको. काचेच्या इंडक्शनवर चालतो पण सरकवू नका, उचलून ठेवा, नाहीतर चरे पडतात. घरात दोघंच असाल तर ८ इंची पुरे, पाच जणांना १० इंची, १२ इंची मला एका हाताने उचलत नाही आणि आपल्या गॅसच्या बर्नरवर त्याच्या कडा तापत नाहीत, मधेच करपतं. झाकण वेगळं घ्यावं लागतं, ६५० पडले, पण मक्याचा ब्रेड करायचा असेल तर त्याच वेळी घ्या, मी नंतर शोधत तीन दुकानं फिरले.

भावोजी फेब्रुवारीत परत येतायत. आईंनी आत्ताच सोडे बाजूला काढून ठेवलेत.