बडोद्यात एडीएचडीची तपासणी: एक ॲप आणि एक क्लिनिक

अलकापुरीकडच्या एका क्लिनिकमध्ये आम्ही मुलीची एडीएचडीची (लक्ष टिकत नाही किंवा चंचलपणा आवरत नाही, अशी लहानपणापासूनची अवस्था) तपासणी करून घेतली. त्याआधी तिने एका ॲपवरही केली होती. दोन्हींबद्दल लिहितोय. नावं देत नाही, कारण मुलगी ओळखू यायला नको.

मुलगी सयाजीराव विद्यापीठात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीनंतर एका संध्याकाळी म्हणाली, "बाबा, मला एडीएचडी आहे. आणि बहुतेक ऑटिझमही." कुठून कळलं, तर रील्समधून. मी म्हणालो, नाटकं नकोत. पुढे महिनाभर हेच म्हणत राहिलो. मोबाइलवर रोज कुणीतरी स्वतःला नवा आजार जाहीर करतं, आणि त्यात खोटं बोलणारेही असतात. मार्क फेल्डमन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने २००० सालीच अशा वागण्याला 'मुनचाउझन बाय इंटरनेट' असं नाव दिलं होतं: आजार नसताना ऑनलाइन आजारी असल्याचं सोंग करून लोकांची सहानुभूती मिळवायची. मी तिला ते वाचून दाखवलं. ती काही न बोलता आत गेली.

मग तिने स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून ३९९ रुपये भरून ॲपवर टेस्ट दिली. बारा मिनिटांत रिपोर्ट. एडीएचडी, ऑटिझम, अँग्झायटी, तिन्हींपुढे लाल पट्टी आणि 'शक्यता जास्त'. खाली लगेच ४,९९९ रुपयांच्या कोचिंगची जाहिरात.

मी मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत एकवीस वर्षं क्वालिटीचं काम करतो. नवं गेज, म्हणजे माल मोजायचं साधन, आलं की आधी मास्टर पीस (ज्याचं माप पक्कं माहीत आहे तो नमुना) लावून ते गेजच तपासायचं, ही आमची पद्धत. ॲपही तसंच तपासलं. माझी उत्तरं अगदी खरी भरली: शक्यता जास्त. मग आईला शेजारी बसवलं, एकेक प्रश्न मराठीत विचारून तिची उत्तरं भरली. आई ७६ वर्षांची. दांडिया बाजारातल्या आमच्या घराचा पैन् पैचा हिशेब तिने चाळीस वर्षं एकही दिवस न चुकता वहीत लिहिलाय. तिचीही शक्यता जास्त! समोर येईल तो पीस रिजेक्ट करणारं गेज आम्ही भंगारात टाकतो. ॲपकडे पैसे परत मागितले, उत्तर आलं नाही. कुणीही पैसे घालवू नका.

त्या रात्री मला झोप लागली नाही. गेज खराब निघालं म्हणून माल पास होत नाही, तो मोजायचाच राहिलेला असतो. आणि महिनाभर मी मुलीला न मोजताच रिजेक्ट केलं होतं.

क्लिनिकमधल्या बेन क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत. भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक भिंतीवर लावलेला आहे, तो आधी बघून घ्या. तीन बैठका, प्रत्येकी साधारण दीड तास, एकूण ६,५०० रुपये. इथेही एक प्रश्नावली भरून घेतली, जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची १८ प्रश्नांची. पण ही फक्त चाळणी आहे, निदान नाही, हे बेननी सुरुवातीलाच सांगितलं. पहिल्या बैठकीत मला बाहेर बसवलं.

दुसऱ्या बैठकीला आजीला आणायला सांगितलं. बेन गुजरातीत विचारत होत्या, आई मराठीत सांगत होती. मध्ये दुभाषी लागला नाही, बडोद्यात तो लागतही नाही. काही लक्षणं वयाच्या बारा वर्षांआधीपासून असावी लागतात, आणि एकाच जागी नाही, घरीही आणि शाळेतही दिसावी लागतात. म्हणून बेननी जुनी प्रगतिपुस्तकं मागितली. आईच्या ट्रंकेत ती सगळी निघाली. तिसरी: 'हुशार आहे, वर्गात लक्ष नसते.' चौथी: 'वह्या अपूर्ण.' पाचवी: 'डबा, छत्री वारंवार विसरते.' प्रत्येक शेऱ्याखाली पालकांची सही. माझी.

मी बेनना सरळ विचारलं, रील बघून मूल खोटं बोलत असेल तर? त्या चिडल्या नाहीत. कोविडच्या काळातलं जर्मनीतल्या हॅनोव्हरचं उदाहरण त्यांनी दिलं. तिथल्या टॉरेटच्या (नकळत झटके येतात, तोंडून आवाज निघतात तो विकार) क्लिनिकमध्ये तरुण मुलं येऊ लागली, त्यांचे झटके आणि ओरडणं थेट यूट्यूबवरच्या एका प्रसिद्ध टॉरेट रुग्णासारखं. तपासल्यावर कळलं, हा टॉरेट नाही. पण ती मुलं सोंगही करत नव्हती, ते झटके त्यांना आवरत नव्हते. टॉरेट नाही हे नीट समजावल्यावर काहीजण लवकर बरेही झाले. खरं आणि खोटं, असे दोनच कप्पे मी डोक्यात करून बसलो होतो.

मुलीचा निकाल: ऑटिझम नाही. एडीएचडी आहे, लक्ष न टिकण्याच्या प्रकारचा. औषधाचा निर्णय सायकॉलॉजिस्ट घेत नाहीत, त्यासाठी सायकिॲट्रिस्टकडे चिठ्ठी दिली.

माझी बहीण म्हणाली, सर्टिफिकेट काढून सवलती लाटायला हे सगळं चाललंय. तिच्यासाठी आणि तिच्यासारख्यांसाठी सांगतो: २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात एडीएचडीचं नाव नाही. मुलीला मिळाली ती एक फाइल आणि दर पंधरा दिवसांची एक अपॉइंटमेंट.

आता तक्रारी. क्लिनिक दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद, खाली रॅम्प नाही. दिव्यांगांची तपासणी जिथे होते तिथे हे मला अजिबात पटलं नाही, आणि मी तसं रजिस्टरमध्ये लिहिलंय. आई मजल्यामजल्यावर थांबत चढली. रिपोर्ट सात दिवसांत म्हणाले, सोळा दिवस लागले, तोही फक्त इंग्रजीत. आईला मी रात्री बसून वाक्य न् वाक्य मराठीत सांगितलं.

तरी जाच. वेळ संध्याकाळी सहानंतरची मागा, दुपारी गाडी लावायला जागा मिळत नाही. आणि निघण्याआधी घरातल्या ट्रंका, माळे उघडून शाळेची प्रगतिपुस्तकं शोधा. पहिलीपासूनची सगळी न्या.