झोपताना भडंग की दूध-भाकरी?

आमच्या अण्णांना लिव्हर सिरॉसिस आहे, म्हणजे लिव्हर वण पडून कडक होत जाण्याचा आजार. रात्री साडेसातला जेवण, मग सकाळच्या चहापर्यंत काहीच नाही, ही त्यांची जुनी सवय. निरोगी लिव्हर रात्रीसाठी साखरेचा साठा राखून ठेवतं. सिरॉसिसमध्ये तो लवकर संपतो आणि शरीर स्वतःचे स्नायू जाळायला लागतं. अण्णांचे दंड कसे वाळले, ते सदऱ्याच्या ढिल्या बाह्यांवरून मला कळलं. म्हणून झोपण्याआधी काहीतरी खायचंच, असं ठरलं.

पण काय? सांगलीकर म्हटल्यावर हात आधी भडंगाच्या डब्याकडे जातो. शेंगदाणे आहेत, कुरकुरीत आहे, तोंडाला चव येते. अडचण मिठाची. सिरॉसिसमुळे पोटात पाणी साठणाऱ्या पेशंटला दिवसभरात सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चमचाभर मीठ पुरे. भडंग, पापड, लोणचं यांतच ते संपतं. शिवाय मूठभर चुरमुऱ्यांनी रात्र निघत नाही.

ज्वारीची भाकरी बिनमिठाची. ती कुस्करून पेलाभर कोमट दुधात भिजवली की १० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात, कर्बोदकंही भरपूर. ‘लिव्हर बिघडलं की प्रथिनं बंद’ हे अजूनही लोक सांगतात, ते चुकीचं आहे. वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम लागतात. (मधुमेह असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारून.)

मी दूध-भाकरीच्या बाजूची. भडंग घरी, बिनमिठाचं, लसूण जास्त घालून करते, पण दुपारी. रात्री साडेनऊला वाटी पुढे ठेवते. अण्णा साय बाजूला सारतात, भाकरी संपवतात.