टाय आणि खिशातल्या रुमालासाठी हातमागाचं थाई रेशीम: इंदुरात शिवून घेणाऱ्यांसाठी

जुन्या वळणाचा टाय शिवायचा असेल तर हातमागाच्या थाई रेशमाला तोड नाही, पण घ्यायचं ते दोनपदरीच, म्हणजे बाण्यात (आडव्या धाग्यात) दोन सुतं एकत्र घेऊन विणलेलं. चारपदरी कापड हातात भारदस्त लागतं आणि दुकानदारही तेच आधी उलगडून दाखवतो. त्याचा टाय केला की गाठ लिंबाएवढी होते आणि कॉलरच्या दोन टोकांत मावत नाही.

या कापडाची वीण साधीच, एक धागा वर, एक खाली. ताणा, म्हणजे उभा धागा, बारीक आणि गुळगुळीत, बाणा मात्र जाड-बारीक, मधूनच गाठाळ. बहुतेक माल थायलंडच्या ईशान्येकडचा, इसान भागातला. तिथल्या देशी किड्यांचा कोष पिवळा असतो आणि त्याचं सूत हाताने काढताना जाडी एकसारखी राहत नाही. त्यालाच या कापडाचा पोत म्हणायचं. ताणा निळा आणि बाणा किरमिजी असला की धूपछाव दिसते. टाय उरेबात, म्हणजे धाग्यांना तिरका, कापलेला असल्यामुळे गाठीशी धाग्यांची दिशा वळते. त्यामुळे गाठ एका रंगाची आणि खालचं पान दुसऱ्याच रंगाचं भासतं. छापील रेशमात हे होत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जिम थॉम्पसन या अमेरिकन माणसाने बँकॉकच्या बान क्रुआ वस्तीतल्या विणकरांकडून असलं कापड विणून घेतलं आणि परदेशात नेलं. १९६७ मध्ये तो मलेशियात बेपत्ता झाला. तो व्यापार पुढेही चालू राहिला.

अस्सलपणाची खूण म्हणजे थाई सरकारचा मोराचा शिक्का. सोनेरी मोर देशी जातीच्या, हाताने काढलेल्या सुताला आणि हातमागाच्या विणीला मिळतो. निळा मोर शुद्ध रेशमाला, हिरवा मिश्र धाग्याला. टायसाठी हिरवा सोडून द्या. शिक्का नसेल तर ताण्याचा आणि बाण्याचा एकेक धागा वेगवेगळा जाळून पाहा, कारण भेसळ बहुधा एकाच दिशेत असते. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांनी चुरते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. गाठी ठरावीक अंतरावर पुन्हापुन्हा येत असतील तर ते यंत्रमागाचं कापड समजा.

कापायच्या आधी दोन गोष्टी करायच्या. पांढरा सुती कपडा ओला करून कापडाच्या कोपऱ्यावर घासायचा, लाल आणि जांभळा रंग हमखास तपासायचा. मग इस्त्री कापडाला न टेकवता वरून वाफ द्यायची, म्हणजे जे आटायचं ते आधीच आटून जातं. पाण्याचे थेंब शिंपडू नका, रेशमावर त्यांची गोल कडा राहते.

साधारण १०० सेंटीमीटर पन्ह्याच्या एक मीटर कापडात एक टाय आणि एक रुमाल निघतो. चौकोनाच्या कर्णावर २४ सेंटीमीटर रुंदीचा पट्टा आखा. त्यात पुढचं पान आणि मागचं शेपूट, दोन्ही टोकं बाहेर करून बसतात. मानेचा तुकडा शेजारच्या त्रिकोणातून, कर्णाला समांतर घ्या. तो उलट्या उरेबात गेला तर धूपछाव कापडात जोड लांबूनही दिसतो. दुसऱ्या त्रिकोणात काठ वगळून ३८ सेंटीमीटरचा रुमाल सरळ धाग्यावर निघतो. क्लॉथ मार्केटातून थोडा मांजरपाट आणून आधी त्यावर कापून बघा, रेशीम वाया जाणार नाही.

मापाबद्दल थोडं. १९३०-४० च्या वळणाचा टाय ९ ते १० सेंटीमीटर रुंद आणि जेमतेम १३० सेंटीमीटर लांब असे, कारण पँट उंच कमरेची असायची. आजच्या पँटवर तो आखूड पडतो. लांबी १४५ धरा, रुंदी तेवढी जुनी ठेवा.

खरी अडचण शिलाईची आहे. इंदुरात कोट उत्तम शिवणारे कारागीर आहेत, पण टाय क्वचितच कोणी शिवतो, आणि सवयीने आत चिकटवायचं बकरम (कडक अस्तर) घालतो. तसं केलं की उरेबाचा ताण मरतो, टाय पिळतो आणि गाठीच्या जागी फुगे येतात. आत लोकरीचं सैल कॅनव्हास हवं, तेही उरेबातच कापलेलं. मागची शिवण एकाच रेशमी दोऱ्याने, हाताने, सैल टाक्यांची घाला आणि दोऱ्याचं टोक दोन-तीन सेंटीमीटर आत मोकळं सोडा. गाठ ओढली की टाका सरकतो, तुटत नाही. हे कापड कडेला भराभर उसवतं, म्हणून शिवणीत एक सेंटीमीटर माया (जादा कापड) ठेवायला सांगा. शेवटी सपाट इस्त्री अजिबात नको, कडा गोलच राहायला हवी.

रुमालाला पिको करू देऊ नका, ओढणीची कड वाटते. कड हाताने वळवून बारीक टाके घालावे लागतात. बाण्याची जाड गाठ नेमकी कडेवर आली तर वळण फुगतं, तेव्हा कापतानाच कड चार धागे आत सरकवावी. हे कापड ताठ असल्यामुळे सरळ घडी खिशात छान उभी राहते. फुगवून खोचायचा रुमाल मात्र याचा करू नये, तो नीट पडत नाही. त्याच कापडाचा टाय आणि रुमाल एकत्र वापरणंही टाळा, विकतचा जोड वाटतो. रुमाल दुसऱ्या टायबरोबर लावा.

घड्याळाच्या पट्ट्यात धागा अडकून वर आला तर कापू नका, सुईने मागच्या बाजूला ओढून घ्या. पावसाळ्यात टाय प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नये, मलमलीत गुंडाळावा. चारपदरी कापड घेऊन ठेवलंच असेल तर त्याची बंडी शिवा, तिथे त्याचं वजन कामाला येतं.