रेबेल ११०० की एनसी७५०एक्स? ऑटोमॅटिक बाईक घ्यायचीय, पण क्रूझर घ्यावी की सरळ बसायची

आधीच सांगून टाकते. घरात एकच मोटरसायकल राहणार असेल आणि ती ऑटोमॅटिकच हवी असेल तर होंडाची सरळ बसायची एनसी७५०एक्स घ्या. दारात दुसरी एखादी बाईक आधीच उभी असेल आणि ही फक्त शनिवार-रविवारची असेल तर होंडाचीच क्रूझर, म्हणजे खाली बसायची, रेबेल ११०० डीसीटी (डीसीटी म्हणजे ऑटोमॅटिक गिअर, पुढे सांगतेच) घ्या आणि मनसोक्त चालवा. मी एनसी चालवते, माझ्या मैत्रिणीकडे रेबेल आहे, दोघी न्यू जर्सीत राहतो आणि सीझनभर एकमेकींच्या चाव्या बदलत फिरलोय, त्यामुळे हे शोरूममध्ये पाच मिनिटं सीटवर बसून बनवलेलं मत नाहीये. दोन्ही बाईक २०२१ नंतरच्या मॉडेलच्या आहेत, आकडे पण त्याच मॉडेलचे देतेय.

ऑटोमॅटिक का, हे सगळे पहिलं विचारतात. मी पुण्यात शिकले ती कायनेटिक होंडावर, आपल्याकडे बिनगिअरची गाडी म्हणजे स्कूटर हे तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलेलं असतं. मधे २००९ ला टीव्हीएसने जाइव्ह नावाची बिनक्लचची ११० सीसी मोटरसायकल आणली होती, पण ती काही रुजली नाही. इकडे आल्यावर मी बरीच वर्षं क्लचचीच बाईक चालवली, मग डावं मनगट दुखायला लागलं, रूट १ वर संध्याकाळी एडिसनपासून न्यू ब्रन्सविककडे एकदा ट्रॅफिकमध्ये अडकलात की हाताची बोटं नुसती क्लच दाबून-सोडून आखडतात, आणि डॉक्टरांनी सांगितलं की हे बंद करा. बाईक सोडायची नव्हती म्हणून डीसीटी. स्कूटर नको होती कारण मला गुडघ्यांमध्ये टाकीसारखं धरायला काहीतरी लागतं, मांड्यांनी बाईक धरल्याशिवाय वळणावर विश्वास वाटत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, डीसीटी म्हणजे स्कूटरसारखा बेल्ट नव्हे. आत खरे सहा गिअर असतात आणि दोन क्लच असतात, एक क्लच १-३-५ सांभाळतो, दुसरा २-४-६, एका गिअरमध्ये चालत असताना पुढचा आधीच तयार ठेवलेला असतो म्हणून बदलताना झटका जवळजवळ नसतोच. होंडाने मोटरसायकलमध्ये हे पहिल्यांदा २०१० च्या व्हीएफआर१२००एफ मध्ये दिलं. क्लचची लिव्हर नाही, पायाखाली गिअर नाही, डाव्या हाताशी प्लस-मायनसची बटणं असतात, वाटलं तर स्वतः गिअर बदला नाहीतर तिचं तिला करू द्या. सुरू करून डी (ड्राइव्ह) दाबलं की खट् असा आवाज येतो, दोन्ही बाईकना येतो, घाबरू नका. आणि इंजिन बंद केलं की बाईक न्यूट्रलला जाते, गिअरमध्ये टाकून उतारावर उभी करता येत नाही, म्हणून दोन्हीला वेगळा पार्किंग ब्रेक असतो. तो लावायची सवय पहिल्या दिवसापासून करा.

आता मुख्य मुद्द्यावर येते, कारण क्रूझर की स्टँडर्ड (म्हणजे सरळ बसायची) ही चर्चा लोक दिसण्यावर करतात आणि ऑटोमॅटिकमध्ये प्रश्न वेगळाच असतो. क्लचच्या बाईकवर अगदी हळू वळताना, पार्किंगमध्ये यू-टर्न मारताना आपण काय करतो, क्लच अर्धा दाबून ताकद मोजून-मापून सोडतो. डीसीटीमध्ये ती लिव्हरच नाही. थ्रॉटल पूर्ण सोडला आणि वेग चालण्याइतका झाला की आतला क्लच आपोआप सुटतो आणि बाईक एकदम मोकळी होते, नेमकी तेव्हाच जेव्हा तुम्हाला ती थोडी ओढत राहायला हवी असते. उपाय एकच, थ्रॉटल किंचित उघडा ठेवायचा आणि मागचा ब्रेक हलका दाबून वेग धरायचा. म्हणजे जे काम आधी डावा हात करायचा ते आता उजव्या पायाचं झालं, आणि मग तो पाय कुठे आहे, कसा वाकलाय, टाच टेकलीय की लोंबकळतेय, हे इंजिनच्या सीसीपेक्षा जास्त महत्त्वाचं ठरतं.

एनसीवर पाय सरळ खाली येतो, गुडघा नैसर्गिक वाकतो, पेडल बुटाच्या टोकाखालीच. दिसायला ती खडबडीत रस्त्यांच्या ॲडव्हेंचर बाईकसारखी आहे पण बसणं साधं, पाठ ताठ, हात सैल, रोजच्या स्टँडर्ड बाईकसारखंच. तिच्यावर मागचा ब्रेक मी हवा तेवढाच, अगदी नखभर पण दाबू शकते. रेबेलचे फूटपेग (पाय ठेवायचे दांडे) हार्लेच्या मोठ्या क्रूझरसारखे पार पुढे नाहीयेत, मध्यावरच आहेत पण सीट इतकी खाली आहे की पाय किंचित पुढे जातो आणि गुडघा वर येतो, तिथून पेडल दाबताना पूर्ण पाय उचलावा लागतो, आणि मग हलका दाब देणं जमायला वेळ लागतो. जमतं, माझ्या मैत्रिणीला छान जमलंय, पण क्लचवाल्या बाईकवरून थेट येणाऱ्याने रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये भरपूर आठचे आकडे काढावेत मगच रस्त्यावर जावं.

रेबेलचा मोठा फायदाही त्याच सीटमुळे आहे आणि तो खरा फायदा आहे. सीटची उंची ७०० मिलिमीटर. माझ्यासारख्या सव्वापाच फुटी बाईला दोन्ही तळपाय पूर्ण टेकतात, वजन २३० किलोच्या वर असूनही सिग्नलला भीती वाटत नाही. एनसीची सीट ८०० मिलिमीटर आहे, २०२१ ला ती ३० मिलिमीटरने खाली आणली, त्याआधीची माझ्या आवाक्यात नव्हतीच. आता माझे चवडे टेकतात, टाचा नाही. पण एनसीचं इंजिन पुढे आडवं झोपवलेलं आहे, ६२ अंशात, आणि पेट्रोलची टाकी सीटच्या खाली, त्यामुळे २२४ किलो सगळे खाली बसलेत, चालायला लागली की ती तिच्या वजनाची वाटतच नाही. उंचीला घाबरून रेबेल घेणाऱ्या बायका मी पाहिल्यात, त्यांना एवढंच सांगेन की आधी एनसीवर बसून बघा, चवडे पुरतात.

रस्त्यावर म्हणाल तर आमचे नेहमीचे दोन रस्ते. एक बेअर माउंटनजवळचा हॅरिमन पार्कातला सेव्हन लेक्स ड्राइव्ह, आणि दुसरा न्यूयॉर्कचा रूट ९७, पोर्ट जर्व्हिसच्या पुढे हॉक्स नेस्टची वळणं आहेत तो, खाली डेलावेअर नदी आणि बाजूला दगडी कठडा, वरंधा घाटात गेलेल्या माणसाला तिथे लगेच घरी आल्यासारखं वाटतं. सेव्हन लेक्सवर रेबेलला तोड नाही. लांब लांब वळणं, झाडी, आणि खाली ते १०८४ सीसीचं होंडाच्याच आफ्रिका ट्विन बाईकवरून आलेलं इंजिन, ९८ न्यूटन मीटर टॉर्क, ८६-८७ हॉर्सपॉवर, थ्रॉटल जरा पिळला की पोटात गोळा येतो इतकी ओढते. आवाज पण भरदार. एनसीचं ७४५ सीसी इंजिन ५८ हॉर्सपॉवरचं, शांत, खालच्या आरपीएमवर रमणारं, ते कधी अंगावर काटा आणणार नाही आणि ज्याला तो काटा हवाय त्याने स्वतःशी खोटं बोलू नये, रेबेलच घ्यावी.

हॉक्स नेस्टला मात्र गणित उलटतं. उतारावर डी मोड इंधन वाचवायच्या नादात वरच्या गिअरमध्ये राहतो, इंजिन ब्रेकिंग कमी पडतं, वळणाआधी अंगठ्याने मायनस दाबून दोन गिअर खाली आणावे लागतात, हे दोन्ही बाईकवर सारखंच, थोड्या वेळाने ती आपोआप परत ऑटोवर जाते. फरक पडतो तो वळणात. रेबेलला ३५ अंशांपर्यंत झुकता येतं, क्रूझरच्या मानाने ते उत्तम आहे, पण घट्ट वळणात त्या मर्यादेची जाणीव सतत राहते. एनसी वळणात टाकायची, विसरायची.

आणि खड्डे. हिवाळ्यात बर्फ आणि मीठ पडून इथले रस्ते मार्च-एप्रिलमध्ये फुटलेले असतात, आपल्याकडे पावसाळा संपल्यावर असतात तसेच. रेबेलच्या मागच्या सस्पेन्शनला खालीवर जायला साधारण ९५ मिलिमीटर जागा आहे, एनसीला १२०. पंचवीस मिलिमीटरचा फरक कागदावर किरकोळ वाटतो. पण एनसीवर खड्डा दिसला की मी पेगवर जरा उठते, गुडघे झटका घेतात. रेबेलवर बसणं खाली आणि पाय पुढे असल्यामुळे पटकन उठता येत नाही आणि मग सगळा दणका थेट माकडहाडात. तासाभराच्या राइडला काही नाही. दिवसभराच्या राइडनंतर कंबर बोलते. चाळिशी ओलांडलेल्यांनी हा मुद्दा पहिला बघावा, दिसणं नंतर. २०२५ च्या रेबेलला गादी जाड केलीय आणि हँडल उंच दिलंय, घेणार असाल तर शक्यतो तीच बघा.

हायवेवर रेबेलकडे क्रूझ कंट्रोल आहे, म्हणजे थ्रॉटल न धरता वेग कायम राहतो, माझ्या एनसीला नाही, आणि गार्डन स्टेट पार्कवेवर मला त्याची उणीव जाणवते, हे मान्य. डावा हात वाचवला आणि उजवं मनगट थ्रॉटल धरून अवघडलं तर काय उपयोग. वाऱ्याचं मात्र एनसीवर सोपं, छोटी का होईना काच आहे. साध्या रेबेलवर काहीच नाही, सगळा वारा छातीवर. रेबेलची टी नावाची, फेअरिंग (पुढचं वारा अडवणारं कवच) आणि साइड बॅगवाली पण आहे, ती जड आणि महाग.

रोजच्या वापरात एनसी किती पुढे आहे हे सांगायला हवं. जिथे टाकी असते तिथे झाकण उघडलं की २३ लिटरची पेटी, पूर्ण हेल्मेट आत बसतं. ओक ट्री रोडवर किराणा घ्यायला गेले की पाच-सात किलो सामान, कोथिंबीर, वरती चकलीचं पाकीट चुरा न होता घरी येतं, पाऊस आला तरी कोरडं. रेबेलवर पाकीट ठेवायलाही जेमतेमच जागा, बॅगा वेगळ्या घ्याव्या लागतात. पेट्रोल, कंपनीच्या आकड्यांनी एनसी लिटरला २८ च्या आसपास देते, रेबेल २० च्या आसपास, आणि टाक्या जवळजवळ सारख्याच, १४.१ आणि १३.६ लिटर, म्हणजे रेबेलवाली मैत्रीण प्रत्येक लांबच्या राइडला माझ्या आधी पंप शोधते. एनसीची एक खोड मात्र त्रासदायक आहे, पेट्रोलचं झाकण मागच्या सीटखाली आहे, तिथे बॅग बांधलेली असली की पंपावर सगळं सोडा, भरा, परत बांधा, मागे लोक थांबलेले. मागे सामान न्यायचं असेल तर रॅक लावून त्यावरच बांधा.

मागे कोणी बसणार असेल तर चर्चाच नको. रेबेलची मागची सीट नावाला आहे. माझा नवरा एनसीवर मागे बसून हॉक्स नेस्टला आला आणि परत आला, रेबेलवर तो पेट्रोल पंपापर्यंतच तयार होता.

देखभाल दोन्हीची सारखी, चेन दोन्हीला आहे. एनसीला सेंटर स्टँड वेगळा विकत मिळतो, तो घ्याच, चेन साफ करताना जीव वाचतो. डीसीटीला नेहमीच्या ऑइल फिल्टरशिवाय क्लचचा वेगळा छोटा फिल्टर असतो, तो पण ठरल्या वेळी बदलावा लागतो. टायर एनसीला दोन्ही १७ इंची, कुठलेही मिळतात. रेबेलला पुढे १८ आणि मागे १६, निवड कमी.

किंमत २०२१ ला इथे एनसीची ९,२९९ डॉलर होती आणि रेबेल डीसीटीची ९,९९९, टॅक्स आणि डीलरचे खर्च वेगळे. म्हणजे पैशाने निर्णय होत नाही. युकेतल्या आपल्या लोकांसाठी एक, ऑटोमॅटिकवर टेस्ट दिलीत तर लायसन्स ऑटोमॅटिकपुरतंच मिळतं, पुढे क्लचची चालवायचीय का ते आधी ठरवा. भारतातून विचारणाऱ्यांसाठी, याच ७४५ सीसी इंजिनाची आणि डीसीटीची एक्स-एडीव्ही २०२५ ला तिकडे आलीय, आली तेव्हा ११.९० लाख एक्स-शोरूम होती, पण ती मोठी स्कूटर-ॲडव्हेंचर आहे, तिच्यात गुडघ्यांमध्ये धरायला टाकीसारखं काही नाही. २०२५ ला तिकडे आलेल्या रेबेल ५०० ला क्लच आहे, नाव बघून बुक करू नका.

जुनी घेत असाल तर सर्व्हिसच्या पावत्यांमध्ये क्लचचा फिल्टर बदलल्याची नोंद शोधा, पार्किंग ब्रेक उतारावर लावून बघा, आणि विकणाऱ्याला सांगून रिकाम्या जागेत चालण्याच्या वेगाने मागचा ब्रेक धरून दोन्ही बाजूंना पूर्ण यू-टर्न मारून बघा. तिथे पाय अवघडला तर ती बाईक तुमची नाही, रंग कितीही आवडला असला तरी.