हातमागावरच्या घोंगडीचा तिन्ही ऋतूंनंतरचा अनुभव

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यातल्या एका सणगर, म्हणजे घोंगड्या विणणाऱ्या समाजातल्या, कुटुंबाकडून मी ही घोंगडी घेतली. दख्खनी मेंढीच्या काळ्या लोकरीची, रंग न दिलेली, नऊ फूट लांब आणि चार फूट रुंद अशी ती आहे. तेव्हापासून ती रोजच्या वापरात आहे.

पहिली तक्रार सर्वांचीच असते: घोंगडी टोचते. दख्खनी लोकर मुळातच जाडीभरडी असते, आणि विणण्यापूर्वी ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ लावलेली असल्यामुळे नवी घोंगडी पुठ्ठ्यासारखी ताठ लागते. सूत मागावर तुटू नये म्हणून चिंचोके भिजवून, कुटून, शिजवून ती खळ कुंच्याने ताण्यावर चोळावी लागते. त्यामुळे हा ताठपणा म्हणजे विणकराचा निष्काळजीपणा नव्हे. दोनदा साध्या थंड पाण्यातून काढल्यावर खळ बरीच निघाली आणि घोंगडी अंगासरशी बसू लागली. तरीही उघड्या अंगावर ती मऊ वाटेल, अशी अपेक्षा ठेवू नये. मी खाली सुती चादर घेतो. लहान मुलासाठी हवी असल्यास जावळाच्या, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीच्या, लोकरीची मागावी. ती महाग पडते, पण फरक हाताला लगेच कळतो.

पावसात तिचा खरा गुण दिसला. मेंढपाळ करतात तशी खोळ करून डोक्यावर घेतली, तर लोकरीतल्या नैसर्गिक तेलकटपणामुळे भुरभुर पाऊस वरच्यावर निथळून जातो. मुसळधार पावसात मात्र ती पाणी पिते, प्रचंड जड होते आणि वाळायला दिवसचे दिवस घेते. ओलेपणी मेंढीचा वास येतो, तो मला चालतो, घरच्यांना नाही. हिवाळ्यात ऊब उत्तम मिळाली. उन्हाळ्यात घडी घालून ठेवलेल्या कोपऱ्याला कसर लागली, म्हणून आता मधूनमधून झटकून ऊन दाखवतो आणि घडीत कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवतो.

किमतीबद्दल कुरकुर करणाऱ्यांनी एकदा काम पाहावे. लोकर कातरणे धनगरांकडे, पिंजणे आणि चरख्यावर सूत काढणे बहुधा घरातल्या बायकांकडे, आणि खड्डामागावरचे, म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून चालवायच्या मागावरचे, विणकाम सणगरांकडे, अशी ही अनेक घरांत वाटलेली मेहनत आहे. त्यातही सर्वाधिक वेळ सूतकताईत जातो आणि सर्वांत कमी मोबदला तिलाच मिळतो, हे मला खटकते. शिवाय लोकरीला भाव नसल्यामुळे अनेक मेंढपाळ मांसासाठी माडग्याळ मेंढीकडे वळले आहेत, जिच्या अंगावर लोकर फारच थोडी असते. चांगली काळी लोकर मिळवण्यासाठी विणकराला फिरावे लागते ते त्यामुळेच.

यात्रांतून आणि ऑनलाइन दुकानांतून ‘अस्सल घोंगडी’ म्हणून यंत्रावरची, कृत्रिम धाग्याची भेसळ असलेली ब्लँकेटे सर्रास विकली जातात. शंका आल्यास काठाचा एक धागा ओढून जाळून पाहावा: लोकर जळक्या केसांसारखी वास मारते आणि तिची राख बोटांनी चुरडते, कृत्रिम धागा मात्र वितळून त्याची कडक गोळी होते. हातसुताचा धागा कुठे जाड, कुठे बारीक असतो. अगदी एकसारखी वीण दिसली, तर सूत कोणी काढले हे विक्रेत्याला विचारावे, आणि उत्तर देता आले नाही तर पैसे परत खिशात घालावेत.