काळी शौच, रक्ताची उलटी: ब्लॅचफोर्ड स्कोअर लावायचा की एम्स६५?

राजापूरकडे बॉण्डवर (शिक्षणानंतरची सक्तीची सरकारी सेवा) असलेल्या आमच्या एका ज्युनिअरने विचारलंय, पोटात रक्तस्राव होणाऱ्यांपैकी एन्डोस्कोपीसाठी (तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून जठर बघणं) कोणाला अणुस्कुरा घाट चढवून कोल्हापूरला पाठवायचं आणि कोणाला नाही, ते कुठल्या स्कोअरवर ठरवू?

ब्लॅचफोर्ड आणि एम्स६५ हे दोन्ही अशा रक्तस्रावातला धोका मोजायचे स्कोअर, गुण जास्त तितका धोका जास्त. त्यांना काय काय लागतं ते आधी बघ. ब्लॅचफोर्डला युरिया, हिमोग्लोबिन, बीपी, पल्स, बाकी सगळं पेशंटला विचारून, म्हणजे काळी शौच, चक्कर येऊन पडणं, लिव्हरचा आजार किंवा हार्ट फेल्युअर. (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, ते विचारच.) एम्स६५ला अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) लागतो, रात्री छोट्या लॅबमधे ते कुठून आणणार?

दुसरं म्हणजे दोघांचं काम वेगळं. एम्स६५ मृत्यूचा धोका चांगला सांगतो, पण घरी कोणाला सोडावं ते ब्लॅचफोर्डच नीट सांगतो, ० किंवा १ आला तर पेशंट सहसा घरी जाऊ शकतो, एन्डोस्कोपी नंतर ओपीडीत. २ किंवा वर असेल तर ॲडमिट, आणि आधी सलाईन, लागलं तर रक्त, बीपी सावरलं की २४ तासांत एन्डोस्कोपी. ६ तासांच्या आत घाई केल्याने जीव जास्त वाचत नाहीत, हे हाँगकाँगच्या २०२० च्या अभ्यासात दिसलंय, म्हणून शॉकमधल्या माणसाला तसाच घाटात नेऊ नकोस रे.

लिव्हर सिरॉसिसवाला (लिव्हर कायमचं खराब झालेला) असेल तर मात्र एन्डोस्कोपी १२ तासांत होईल असं बघ, स्कोअर काहीही येवो.

म्हणजे तुझ्या कॅज्युअल्टीला ब्लॅचफोर्ड, आणि एम्स६५ आयसीयूवाल्या मोठ्या हॉस्पिटलला.