‘परीक्षेतलेच ऑडिओ’ या आश्वासनापायी गेलेले ३६ हजार रुपये आणि पाच महिने

मी मूळची डिचोली तालुक्यातली असून गेली अकरा वर्षे उत्तर गोव्यातील एका खासगी रुग्णालयात परिचारिका म्हणून काम करते. इंग्लंडमध्ये नोकरीसाठी लागणाऱ्या ओईटी या इंग्रजी परीक्षेची तयारी करताना माझी जी फसवणूक झाली ती मी येथे सविस्तर लिहीत आहे, कारण आमच्याच रुग्णालयातल्या दोन मुली त्याच क्लासमध्ये पैसे भरण्याच्या बेतात असल्याचे मला गेल्या आठवड्यात कळले. त्या दोघींना मी समक्ष सांगितले. पण ज्यांच्यापर्यंत मी पोहोचू शकत नाही, अशा कितीतरी जणी या वाटेवर असतील.

माझी अडचण ऐकण्याची होती. माझे प्राथमिक शिक्षण गावातल्या मराठी शाळेत झाले, नर्सिंग इंग्रजीतून झाले, त्यामुळे केसपेपर वाचणे, नोट्स लिहिणे यांत मला कधी अडले नाही. पण वॉर्डात दिवसभर कानावर पडते ती कोंकणी, मराठी आणि हिंदी. इंग्रजी ऐकायला मिळते ते डॉक्टरांच्या राउंडच्या वेळी, आणि तेही आपल्याच उच्चारातले. इंग्लंडचा किंवा ऑस्ट्रेलियाचा माणूस भरभर बोलू लागला की दुसऱ्या वाक्यापासून माझा धागा सुटत असे.

ज्यांना या परीक्षेची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. ओईटी ही आरोग्य क्षेत्रातील बारा व्यवसायांसाठी घेतली जाते. लेखन आणि संभाषण हे भाग ज्याच्या त्याच्या व्यवसायाप्रमाणे असतात, तर श्रवण आणि वाचन सगळ्यांना सारखेच असते. श्रवणात ४२ प्रश्न असतात. पार्ट एमध्ये रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांचे प्रत्येकी सुमारे पाच मिनिटांचे दोन संवाद ऐकून टिपणांतल्या २४ रिकाम्या जागा भरायच्या असतात. पार्ट बीमध्ये कामाच्या ठिकाणचे सहा छोटे उतारे आणि प्रत्येकावर एक प्रश्न. पार्ट सीमध्ये दोन मोठी भाषणे किंवा मुलाखती आणि प्रत्येकीवर सहा प्रश्न. हे सगळे फक्त एकदाच ऐकवले जाते. इंग्लंडच्या नर्सिंग आणि मिडवाइफरी कौन्सिलला श्रवण, वाचन आणि संभाषण यांत प्रत्येकी ३५० आणि लेखनात ३०० गुण लागतात. एकदाच ऐकवले जाते, ही गोष्ट मी पैसे भरण्यापूर्वी वाचली होती, तरीही तिचा अर्थ मला उमगला नव्हता.

म्हापशातल्या त्या क्लासची माहिती मला एका ओळखीच्या मुलीने फॉरवर्ड केलेल्या संदेशातून मिळाली. क्लास चालवणाऱ्या गृहस्थांनी पहिल्याच भेटीत सांगितले, “सिस्टर, तुम्हाला इंग्रजी सुधारायची गरजच नाही, तुम्हाला फक्त परीक्षेत येणारे ऑडिओ पाठ करायचे आहेत.” परदेशातल्या केंद्रांवर गेल्या महिन्यात वाजलेले ऑडिओ आपल्याकडे येतात, त्यांना ‘रिकॉल’ म्हणतात, आणि त्यांतलेच पुन्हा लागतात, असा त्यांचा दावा होता. चार महिन्यांच्या क्लासचे २७ हजार आणि रिकॉलच्या संचाचे वेगळे ९ हजार, असे ३६ हजार रुपये मी पोस्टातली आवर्ती ठेव मोडून तीन हप्त्यांत यूपीआयने दिले. पैसे क्लासच्या नावे गेले नाहीत, एका व्यक्तीच्या नावे गेले. पावती मागितली तेव्हा “शेवटी एकदम देतो” असे उत्तर मिळाले. आज मागे वळून पाहताना मला वाटते की मी तेथेच उठायला हवे होते. शिवाय परीक्षेतले प्रश्न चोरून आणल्याचे जो उघडपणे सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवण्यात माझीही चूक होती. तो दावा खरा असता, तर ते ऑडिओ वापरणे हा परीक्षेतला गैरप्रकारच ठरला असता आणि माझा निकाल रद्द होऊ शकला असता.

क्लासमध्ये सराव कसा चाले हे नीट सांगणे आवश्यक आहे. आम्ही नऊ जणी एका खोलीत बसत असू. टेबलावर लॅपटॉप आणि त्याला जोडलेला स्पीकर. सर ऑडिओ लावत, रुग्णाचे एक वाक्य झाले की थांबवत, आम्हाला उत्तर लिहायला वेळ देत, मग तेच वाक्य पुन्हा लावत. प्रत्येक उतारा किमान तीनदा ऐकवला जाई. पुढच्या आठवड्यात ‘मॉक टेस्ट’ म्हणून त्याच उताऱ्यांवरचे प्रश्न क्रम बदलून येत. मला कधी ४२ पैकी ३७, कधी ३९ मिळत आणि ते गुण ग्रुपवर अभिनंदनासह टाकले जात. शब्दलेखनावर मात्र विलक्षण भर होता. औषधाच्या नावात एक अक्षर चुकले तरी ते नाव वीस वेळा लिहून आणावे लागे. प्रत्यक्षात श्रवणाच्या भागात शब्द ओळखू येत असेल आणि अर्थ स्पष्ट असेल तर शब्दलेखनातली किरकोळ चूक चालते, हे मला फार उशिरा कळले. त्या सवयीने पुढे माझे मोठे नुकसान केले.

परीक्षेची नोंदणीही त्यांनीच केली. शुल्क तेव्हा ५८७ ऑस्ट्रेलियन डॉलर होते आणि ते माझ्या यजमानांच्या कार्डावरून भरले गेले, पण खात्याला ईमेल त्यांनी स्वतःचा दिला. “तुम्ही ड्युटीवर असता, मेल बघायला वेळ कुठे मिळणार?” असे ते म्हणाले आणि मला तेव्हा ते सोयीचे वाटले. पुढे तारीख बदलायची वेळ आली तेव्हा माझ्या स्वतःच्या परीक्षेच्या खात्याचा पासवर्ड मला तीन दिवस मागावा लागला.

ऑक्टोबरमध्ये मुंबईला संगणकावर परीक्षा दिली. हेडफोन लावले, टिपणे वाचायला ३० सेकंद मिळाले आणि पहिला संवाद सुरू झाला. ऑडिओ ओळखीचा नव्हता, पण त्याहून मोठा धक्का वेगाचा होता. रुग्ण एक गोष्ट सांगून लगेच ती दुरुस्त करत होता, मध्येच दुसऱ्या तक्रारीकडे वळत होता, जसा कोणताही रुग्ण वळतो. एका औषधाचे नाव मी अक्षर अक्षर जुळवून टाइप करत राहिले आणि मान वर केली तेव्हा संवाद तीन रिकाम्या जागा पुढे गेला होता. मी नकळत ‘थांबवतील’ याची वाट पाहत होते, कारण चार महिने माझ्या कानांना तेच शिकवले गेले होते. पार्ट बीमध्ये प्रत्येक प्रश्न वाचायला फक्त १५ सेकंद असतात. तेथे मी सावरूच शकले नाही.

निकालात वाचन ३६०, संभाषण ३५०, लेखन ३२० आणि श्रवण २९० होते. दोन परीक्षांचे गुण जोडण्याची मुभा कौन्सिल देते, परंतु त्यासाठी श्रवणात ३०० च्या खाली जाऊन चालत नाही. म्हणजे दहा गुणांनी माझे बाकीचे तिन्ही भागही वाया गेले.

आमच्या आयसीयूमध्ये केरळच्या एक सीनियर सिस्टर आहेत, त्यांनी ही परीक्षा पूर्वी दिलेली आहे. माझे सगळे ऐकून त्यांनी एकच प्रश्न विचारला, “सराव करताना ऑडिओ मध्ये थांबवत होता का?” मग त्यांनी परीक्षेच्या अधिकृत संकेतस्थळावर मोफत ठेवलेल्या नमुना परीक्षा मला उघडून दाखवल्या. पहिली लावली. सुरुवातीला निवेदिका परीक्षेचे नाव सांगते, तीन भाग असल्याचे सांगते, प्रत्येक उताऱ्याआधी कोणता आवाज येईल ते ऐकवते. त्यानंतर रुग्ण बोलू लागला आणि माझे हातपाय गार पडले. ही वाक्ये मला तोंडपाठ होती. क्लासमध्ये मात्र हाच माणूस जड, खोल आवाजात, खेचून खेचून बोलत असे. त्या रात्री मी क्लासने दिलेली फाइल आणि मूळ ऑडिओ शेजारी शेजारी लावून घड्याळ धरले. मुळात जो भाग तीन मिनिटांत संपत होता त्याला क्लासच्या फाइलमध्ये बरोबर चार मिनिटे लागत होती. निवेदन कापून टाकलेले होते, वेग पाऊणपट केलेला होता. उताऱ्याआधीचा तो टोन मात्र काढायचा राहून गेला होता. ज्यासाठी मी ९ हजार मोजले ते कोणालाही फुकट मिळणारे होते, आणि विकण्यापूर्वी त्यातला सरावासाठी उपयोगी असलेला नेमका गुण, म्हणजे त्याचा खरा वेग, काढून घेतलेला होता.

मी जाब विचारला तेव्हा सर रागावले नाहीत. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले की अडीच लाखांत परीक्षा न देता ३५० गुणांचे प्रमाणपत्र मिळू शकते. मी तेथून निघून आले. कोणत्याही मुलीने या वाटेला जाऊ नये. नोंदणी करणाऱ्या संस्था गुण थेट परीक्षा मंडळाकडून ऑनलाइन पडताळून घेतात आणि बनावट कागद देणाऱ्याची नोंदणी तर नाकारली जातेच, इतक्या वर्षांची नोकरी आणि नावही धोक्यात येते.

मी १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला आणि राष्ट्रीय सायबर पोर्टलवर यूपीआयच्या नोंदी, दोन्ही ऑडिओ आणि चॅटचे स्क्रीनशॉट जोडून तक्रार केली. ही हेल्पलाइन पैसे गेल्यानंतर लगेच फोन केल्यास अधिक उपयोगी पडते, मी काही महिन्यांनी केला. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद केली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे जाता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, हे मला तेथे कळले. रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवल्यावर क्लासकडून १२ हजार परत आले, सोबत ‘काही तक्रार नाही’ असे लिहून देण्याची मागणीही आली. मी तसे लिहून दिलेले नाही आणि उरलेल्या २४ हजारांसाठी आयोगाकडे अर्ज तयार करत आहे.

एखाद्या क्लासमध्ये जाणारच असाल तर पैसे भरण्यापूर्वी एक तास मागे बसून सराव पाहू द्या म्हणून सांगा. ऑडिओ मध्येच थांबवला जात असेल, दुसऱ्यांदा लावला जात असेल, किंवा तो कुठून आणला हे सांगायला टाळाटाळ होत असेल, तर परत या. अधिकृत नमुना परीक्षा आधी स्वतः एकदा, न थांबवता सोडवून आपले गुण लिहून ठेवा, म्हणजे क्लासचे ३९ खरे की खोटे हे पडताळता येईल. खाते स्वतःच्या ईमेलवर उघडा.

आता मी त्या सीनियर सिस्टरांबरोबर आठवड्यातून तीनदा, नाइट ड्युटीच्या आधी तासभर बसते. त्या ऑडिओ लावतात आणि लॅपटॉप माझ्या हाताला लागणार नाही असा पलीकडे ठेवतात. सुटलेली जागा सोडून पुढच्या शीर्षकावर नजर नेणे, हे एवढेच शिकायला मला सहा आठवडे लागले. पहिल्या दिवशी पार्ट एमध्ये २४ पैकी ११ आले होते, परवा १९ आले.